विश्लेषण : प्रदर्शनात रोबोटचा हात ऐनवेळी का थरथरतो? सर्वो मोटर कशी निवडायची, तिला वीज कशी द्यायची?

घरी रात्री व्यवस्थित चाललेला रोबोटचा हात विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवला की थरथरू लागतो. परीक्षक समोर येतात, मुलगा बटण दाबतो, हात अर्ध्यावर येऊन अडतो आणि बोर्डावरचा दिवा विझून पुन्हा लागतो. ‘मोटर खराब निघाली’ असा निष्कर्ष निघतो. नवी मोटर आणली जाते, तीही तशीच वागते. बहुतेक वेळा मोटरमध्ये काहीच दोष नसतो. तिला पुरेशी वीजच मिळत नसते. सर्वो विकत घेण्याआधी आणि ‘खराब’ म्हणून फेकून देण्याआधी काय तपासावे, ते समजून घेऊ.

हा विषय आताच का?

केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनची सुरुवात २०१६ मध्ये झाली. त्याअंतर्गत देशभरातल्या सुमारे १० हजार शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या लॅबला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. म्हणजे कालपर्यंत इंजिनीअरिंगच्या मुलांच्या हातात असलेली सर्वो मोटर आता सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात येते आहे.

किटमध्ये मोटर असते, बोर्ड असतो, वायरी असतात. वीज कुठून आणि किती द्यायची, हे मात्र बऱ्याचदा कुणी नीट सांगत नाही. अशा वेळी फक्त दीडशे रुपयांची मोटर जळते असे नाही. ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे मुलाच्या मनात बसते. ते नुकसान मोटरपेक्षा मोठे आहे.

सर्वो मोटर म्हणजे नेमके काय?

पंख्याची किंवा खेळण्यातली मोटर वीज मिळाली की फिरत राहते. ती कुठे थांबायचे हे ठरवू शकत नाही. सर्वोला मात्र ‘९० अंशांवर जा आणि तिथेच थांब’ असे सांगता येते. तिच्या छोट्या डबीत चार गोष्टी असतात : एक लहान डीसी मोटर, वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर, दांडा सध्या कोणत्या कोनात आहे हे सांगणारा पोटेन्शिओमीटर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारे छोटे सर्किट. सांगितलेला कोन आणि प्रत्यक्षातला कोन यांत फरक दिसला की सर्किट मोटर फिरवते. फरक संपला की थांबवते. कुणी दांडा ढकलला तर ती पुन्हा जागेवर येण्यासाठी जोर लावते.

ही कल्पना नवी नाही. जहाजाचे जड सुकाणू वाफेच्या जोरावर, पण माणसाच्या हुकमाप्रमाणे वळवण्यासाठी फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात जे यंत्र तयार झाले, त्यातून ‘सर्वो’ हे नाव रूढ झाले. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे ‘सेवक’.

सर्वोला तीन वायरी असतात. स्वस्त सर्वोमध्ये तपकिरी वायर म्हणजे ग्राउंड, लाल म्हणजे वीज आणि नारिंगी म्हणजे सिग्नल. काही कंपन्यांत हेच रंग काळा, लाल, पांढरा असे असतात. सिग्नल दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा जातो. तो साधारण दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो मधोमध राहते. एक मिलिसेकंदाकडे झुकला तर एका बाजूला आणि दोनकडे झुकला तर दुसऱ्या बाजूला वळते.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की सिग्नलच्या वायरीतून फक्त निरोप जातो. जोर लावण्यासाठी लागणारी सगळी वीज लाल वायरीतून येते.

मग ती थरथरते का?

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे समजावायला नळाचे उदाहरण पुरेसे आहे. जायकवाडीचे पाणी शहरात काही दिवसांआड येते. पाण्याच्या दिवशी शेजाऱ्याने थेट नळाला मोटार लावली की आपल्या नळाची धार बारीक होते. पाइपलाइन तीच असते, पण एकाने एकदम ओढले की बाकीच्यांचा दाब पडतो.

रोबोटमध्ये तेच होते. थांबलेली सर्वो हलायला सुरुवात करते, त्या क्षणी ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. वीज देणारा स्रोत अशक्त असेल तर व्होल्टेज खाली येते. आर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्ड त्याच स्रोतावर असेल तर तोही उपाशी राहतो आणि रीस्टार्ट होतो. रीस्टार्ट झाला की तो सर्वोला पुन्हा हलायला सांगतो, पुन्हा झटका बसतो आणि पुन्हा रीस्टार्ट. बाहेरून आपल्याला फक्त थरथर दिसते.

शेतकऱ्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. गावातले सगळे कृषिपंप एकाच वेळी सुरू झाले की दाब पडतो, पंप घुमतो पण पाणी उचलत नाही आणि शेवटी मोटार जळते. अडकलेल्या सर्वोचे तसेच आहे. दांडा फिरू शकला नाही तरी ती जोर लावत राहते, पूर्ण करंट ओढते आणि तापते. या अवस्थेतल्या करंटला ‘स्टॉल करंट’ म्हणतात. सर्वो प्रकल्पातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा.

किती ताकदीची सर्वो हवी?

सर्वोच्या जाहिरातीत ‘२० किलो’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ ती २० किलोची गोणी उचलेल असा नाही. ही ताकद ‘किलो-सेंटिमीटर’मध्ये मोजतात. दांड्यापासून १ सेंटिमीटरवर २० किलो, १० सेंटिमीटरवर २ किलो, २० सेंटिमीटरवर फक्त १ किलो. हात जितका लांब, तितके वजन कमी. शिवाय हा आकडा मोटर अडकते त्या टोकाचा असतो, रोजच्या कामाचा नाही.

एक हिशेब करून पाहू. खांद्यापासून १५ सेंटिमीटर लांब हात आहे.

• टोकाला उचलायची वस्तू १०० ग्रॅम : ०.१ × १५ = १.५
• टोकाचा चिमटा आणि त्याची छोटी सर्वो मिळून ४० ग्रॅम : ०.०४ × १५ = ०.६
• हाताचे स्वतःचे वजन ८० ग्रॅम, ते मध्यावर म्हणजे ७.५ सेंटिमीटरवर धरू : ०.०८ × ७.५ = ०.६

एकूण २.७ किलो-सेंटिमीटर. पण एवढ्याच ताकदीची सर्वो घेतली तर ती सतत धापा टाकत राहील. म्हणून किमान दुप्पट धरायचे, म्हणजे साधारण साडेपाच. या हिशेबात सर्वाधिक खपणारी निळी छोटी सर्वो खांद्याला चालणार नाही, हे विकत घेण्याआधीच कळते. अनेक जण वस्तूचे वजन धरतात, पण हाताचे स्वतःचे वजन विसरतात.

बाजारात काय मिळते?

• एसजी९० : निळी, प्लॅस्टिक गिअरची, ९ ग्रॅमची. ४.८ व्होल्टला ताकद १.८ किलो-सेंटिमीटर. साधारण शंभर-दीडशे रुपये. चिमटा, झाकण, रडारसारखा फिरणारा सेन्सर, छोटे फाटक यांसाठी योग्य. अडकली की गिअरचे दाते तुटतात.
• एमजी९०एस : आकार जवळपास तेवढाच, गिअर धातूचे. ताकद ४.८ व्होल्टला १.८, तर ६ व्होल्टला २.२. जिथे धक्के बसतात, उदाहरणार्थ चालणाऱ्या रोबोटच्या पायात, तिथे ही बरी.
• एमजी९९६आर : ५५ ग्रॅमची, धातूचे गिअर. ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर. रोबोटच्या हाताच्या खांद्याला आणि कोपराला बहुधा हीच लावली जाते. किंमत एसजी९०च्या दुपटी-तिपटीची, पण करंटची भूकही मोठी.

या नावांनी नकली माल भरपूर येतो. त्यामुळे कागदावरचे आकडे ही वरची मर्यादा समजावी. घेताना दुकानातच दांडा हलक्या हाताने फिरवून पाहावा. गिअर खरखरत असेल किंवा दांडा सैल डुगडुगत असेल तर दुसरी मागावी.

आणखी एक सापळा ‘३६० अंश’ या शब्दाचा आहे. १८० पेक्षा ३६० चांगली, असे वाटून मुले तीच उचलतात. स्वस्तातली ३६० अंशांची सर्वो बहुधा सतत फिरणारी असते. तिला वेग आणि दिशा सांगता येते, कोन नाही. ती गाडीच्या चाकाला चालेल. हाताच्या सांध्याला नाही.

वीज किती लागेल, हे कसे ठरवायचे?

एमजी९९६आरचा स्टॉल करंट ६ व्होल्टला सुमारे अडीच अँपिअर असतो. एसजी९० साठी पाऊण अँपिअरच्या आसपास धरावा. आता चार सर्वोंचा हात घेऊ : खांदा आणि कोपर मोठे, मनगट आणि चिमटा छोटे.

दोन मोठ्या : २ × २.५ = ५ अँपिअर. दोन छोट्या : २ × ०.७ = १.४ अँपिअर. एकूण ६.४ अँपिअर.

चारही सर्वो एकाच वेळी अडकतील असे क्वचितच होते. पण स्विच दाबल्यावर चारही आपापल्या जागेवर जायला एकदम झेपावतात, तेव्हा मागणी या आकड्याच्या जवळ जाऊ शकते. म्हणून स्रोत निवडताना हाच आकडा समोर ठेवायचा.

आता त्याच्याशेजारी आर्डुइनो उनो ठेवा. यूएसबीवर चालताना त्याच्या ५ व्होल्ट पिनची वीज ५०० मिलिअँपिअरच्या फ्यूजमधून येते. म्हणजे अर्धा अँपिअर. मागणी सहाच्या वर आणि पुरवठा अर्धा! लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टचीही मर्यादा तीच. सर्वो हलताच लॅपटॉपवरून बोर्ड ‘गायब’ होतो, त्याचे कारण हेच.

गोल जॅकमधून १२ व्होल्ट दिले तर प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. बोर्डावरचा रेग्युलेटर १२ मधले ७ व्होल्ट उष्णता म्हणून जाळतो. अर्धा अँपिअर ओढला तरी साडेतीन वॉट उष्णता एवढ्याशा चिपमध्ये तयार होते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४० अंशांच्या वर पारा असतो, तेव्हा ती चिप हात लावू देत नाही.

मग वीज घ्यायची कुठून?

• ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी : सर्वोसाठी नाही. ती मल्टिमीटर, घड्याळासारख्या थोडा करंट लागणाऱ्या उपकरणांसाठी असते. सर्वोने ओढताच तिचा दाब कोसळतो. शालेय प्रकल्प बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण.
• पेन्सिल सेल : चार अल्कलाइन मिळून ६ व्होल्ट. एक-दोन एसजी९० थोडा वेळ चालवायला ठीक. रिमोटचे स्वस्त सेल इथे टिकत नाहीत. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने पाच जोडले की ६ व्होल्ट होतात आणि ते करंटही चांगला देतात.
• मोबाइल चार्जर : ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला चार्जर दोन छोट्या सर्वोंना पुरतो.
• पॉवर बँक : दोन छोट्या सर्वोंसाठी चालते. पण रोबोट शांत उभा असताना करंट कमी झाला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. ऐन प्रदर्शनात हे लक्षात ठेवा.
• १८६५० लिथियम सेल : दोन सेल ओळीने जोडले तर पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात. एमजी९९६आरची मर्यादा ७.२ व्होल्ट आहे, एसजी९०ची त्याहून कमी. म्हणून थेट जोडू नका. मध्ये बक कन्व्हर्टर लावून व्होल्टेज ५ किंवा ६ वर आणा. स्वस्त एलएम२५९६ मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत विश्वासाने चालते. मोठ्या सर्वोंसाठी ५ अँपिअरचे मॉड्यूल घ्या.
• ५ व्होल्टचा एसएमपीएस : टेबलावरच्या प्रकल्पासाठी सर्वांत भरवशाचा. गणपतीच्या सजावटीत पिक्सेल एलईडीला लावतात, तोच. ५ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस वरच्या चार सर्वोंच्या हाताला आरामात पुरतो. मात्र त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट उघड्या स्क्रूवर असतात. ती जोडणी मोठ्या माणसाने करावी, वर झाकण असावे आणि मगच मुलांच्या हाती द्यावे.

लिथियम सेलबाबत दोन गोष्टी. ‘९९०० एमएएच’ छापलेले १८६५० सेल घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास संपते. छापील आकडाच खोटा असेल तर बाकीचा भरवसा काय? दुसरे, संरक्षण सर्किटशिवाय ते वापरू नका आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. दोन टोके एकत्र आली तर हे सेल पेट घेऊ शकतात.

जोडणी करताना काय चुकते?

सर्वांत मोठी चूक ग्राउंडची. सर्वोला वेगळी वीज दिली की अनेक जण बोर्डाचा ग्राउंड जोडायला विसरतात. बोर्डाचा निरोप सर्वोला कळण्यासाठी दोघांचा ‘शून्य’ एकच असावा लागतो. बोर्डाचा ग्राउंड, सर्वोचा ग्राउंड आणि स्रोताचा ऋण भाग, हे तिन्ही एकत्र जोडलेच पाहिजेत. धन बाजू मात्र वेगळी ठेवायची.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाने याच एका वायरीपायी अख्खी रात्र घालवली होती. कोड तीनदा नव्याने लिहिला, सर्वो बदलली. पहाटे मित्राने ग्राउंडची वायर जोडली आणि हात सरळ झाला.

दुसरी चूक ब्रेडबोर्डची. त्याच्या आतल्या पट्ट्या आणि केसासारख्या जंपर वायरी मोठ्या करंटसाठी नसतात. मोठ्या सर्वोंची वीज जाड वायरीने, स्क्रू टर्मिनलवरून न्या.

तिसरी गोष्ट कपॅसिटरची. सर्वोंच्या वीजजोडणीजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा. तो गच्चीवरच्या छोट्या टाकीसारखा काम करतो आणि क्षणभराची तूट भरून काढतो. त्याची धन-ऋण बाजू उलटी लावू नका, तो फुटू शकतो. पण टाकी कितीही चांगली असली तरी नळाला पाणी लागतेच. अशक्त स्रोताला कपॅसिटर हा पर्याय नाही.

सर्वो चारपेक्षा जास्त असतील तर पीसीए९६८५ हा १६ सर्वोंचा ड्रायव्हर बोर्ड सोयीचा पडतो. त्यावर सर्वोंच्या विजेसाठी वेगळे स्क्रू टर्मिनल असते. वीज तिथेच द्या, आर्डुइनोवरून नाही.

बक कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज आधी मल्टिमीटरवर ठरवा, मगच सर्वो जोडा. नवे मॉड्यूल किती व्होल्टवर लावलेले येईल याचा नेम नसतो.

कोडमध्ये काही करता येते का?

येते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. सगळ्या सर्वो एकदम सुरू करू नका. एकीनंतर दुसरी, मध्ये अर्धा सेकंद थांबा. ० वरून थेट १८० वर उडी मारण्याऐवजी एकेक अंश पुढे जा आणि दर पावलाला १५ मिलिसेकंद थांबा. हालचाल सावकाश दिसते आणि करंटचा झटका कमी होतो. सर्वो टोकाच्या कोनाला घुमत असेल तर तिची मर्यादा १० ते १७० अंश ठेवा. अनेक स्वस्त सर्वो पूर्ण १८० अंश जातच नाहीत आणि टोकाला अडकून तापत राहतात.

लक्षणावरून दोष कसा ओळखायचा?

• सर्वो हलताच बोर्ड रीस्टार्ट होतो : व्होल्टेज पडते आहे. स्रोत वेगळा करा.
• सर्वो सतत थरथरते, बोर्ड मात्र चालू : आधी सामाईक ग्राउंड तपासा, मग वायरीची जाडी.
• आवाज येतो, हलत नाही, तापते : वजन जास्त आहे किंवा सांधा अडकतो आहे. लगेच वीज बंद करा.
• भार नसताना चालते, वजन दिले की खाली येते : टॉर्कचा हिशेब पुन्हा करा.
• दांडा फिरतो, पण मध्येच ‘कट’ आवाज येतो : गिअरचे दाते तुटले आहेत. इथे मात्र दोष खरोखर सर्वोचा.

सर्वांत सोपी चाचणी : मल्टिमीटरच्या पिना सर्वोच्याच लाल आणि तपकिरी वायरीला लावा आणि हात हलवा. ५ व्होल्टचा आकडा साडेचारच्या खाली जात असेल तर दोष विजेत आहे. मल्टिमीटर संथ असतो, त्यामुळे प्रत्यक्षातली घसरण त्याहून मोठी असते.

याचा या शहराशी काय संबंध?

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती सुट्या भागांचे छोटे-मोठे उद्योग वाढत गेले. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात शेकडो सीएनसी मशीन चालतात. त्या मशीनचा प्रत्येक अक्ष सर्वो मोटरच फिरवते. ती आकाराने मोठी असते, कोन मोजायला पोटेन्शिओमीटरऐवजी एन्कोडर असतो आणि किंमत हजारांत-लाखांत जाते. पण तत्त्व तेच : सांगितलेली जागा, प्रत्यक्षातली जागा आणि त्यांतला फरक. तिथेही मोटर निवडताना आधी भार, मग टॉर्क, मग करंट हाच क्रम असतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये किंवा आयटीआयमध्ये पुढे जे शिकायचे, त्याचा पहिला धडा शाळेतल्या निळ्या सर्वोवर गिरवता येतो.

त्यामुळे पुढच्या वेळी रोबोटचा हात थरथरला तर मुलाला नवी मोटर आणून देण्याआधी मल्टिमीटर हातात द्या. आकडा खाली पडताना त्याने स्वतः पाहिला, की बिघाड कुठे आहे ते त्याला कळते, आणि ‘जमत नाही’ ऐवजी ‘वीज कमी पडते’ हे उत्तर त्याच्याकडे असते.

थोडक्यात

• आधी टॉर्कचा हिशेब, त्याच्या दुप्पट ताकदीची सर्वो.
• सगळ्या सर्वोंच्या स्टॉल करंटची बेरीज, तेवढा देणारा स्रोत.
• सर्वोची वीज वेगळी, ग्राउंड एकच.
• ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सर्वोला लावू नका.
• २३० व्होल्ट आणि लिथियम सेल हाताळताना मोठे माणूस सोबत हवेच.